ओंडक्यांवरच्या खाचा

रशियातल्या कल्याझिन गावाचा फोटो तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या मोबाइलवर येऊन गेला असेल. चहूकडे पाणी आणि मधोमध, कशाचाच आधार नसल्यासारखा, एक उंच घंटामनोरा. मलाही मागच्या आठवड्यात आला, कुठल्याशा 'गूढ ठिकाणां'च्या यादीत. मी त्या भागात बटाटे खणले आहेत, त्यामुळे मला त्यात गूढ काही दिसेना. पण फोटो पाहिला आणि कपाळावर डाव्या बाजूला आपोआप हात गेला. तिथे टेंगूळ यायचं. दर वेळी, त्याच जागी.

ते टेंगूळ कुठून आलं ते सांगायचं तर आधी आजी सांगावी लागेल. मी २००८ ते २०१४ अशी सहा वर्षं त्वेरला मेडिकल शिकायला होते. पहिली दोन वर्षं होस्टेलवर काढली आणि मग आम्ही तिघींनी एका म्हातारीकडे खोली घेतली. रशियन रीतीने तिला तिचं नाव आणि तिच्या वडिलांचं नाव जोडून, 'तुम्ही' म्हणून हाक मारायची. तशी आम्ही मारायचोही. पण मनातल्या मनात ती 'ए आजी'च होती, म्हणून इथेही आजीच लिहिते. तिचं गाव कल्याझिन रायोनातलं. मी पहिल्यांदा तिकडे निघाले तेव्हा आईला फोनवर सांगितलं, तर आई म्हणाली, "कल्याणला? कोणाबरोबर?"

रायोन म्हणजे साधारण आपला तालुका. (आता कागदोपत्री त्याला 'ओक्रुग' म्हणतात, पण मी तिथे होते तेव्हा रायोन होता आणि माझ्या तोंडात तोच बसलाय.) त्वेर प्रांताच्या आग्नेय कोपऱ्यात, एका बाजूला यारोस्लाव्ह्ल प्रांत, दुसऱ्या बाजूला मॉस्को प्रांत. क्षेत्रफळ सुमारे २,७०० चौरस किलोमीटर. २०१० च्या जनगणनेत एवढ्या पसाऱ्यात माणसं होती सुमारे २२ हजार, त्यातली जवळजवळ १४ हजार एकट्या कल्याझिन गावात. उरलेली आठेक हजार शेकडो खेड्यांमध्ये विखुरलेली. हे गणित पहिल्यांदा केलं तेव्हा खोटं वाटलं. नंतर बसच्या खिडकीतून खरं वाटलं.

ती बस त्वेरहून काशिनमार्गे जाते. बर्च, फर, बर्च, दलदल, मग एकदम मोकळं माळरान, त्यात तीन घरं, पुन्हा बर्च. डोंगर नावालाही नाही. सह्याद्री बघत मोठं झालेल्या माणसाला सुरुवातीला त्या सपाटीची चक्क भोवळ येते. नजरेला टेकायला काही मिळत नाही. पहिल्यांदा काही उंच दिसलं ते देऊळ नव्हतं, मनोराही नव्हता. झाडांच्या वर एक अवाढव्य पांढरी थाळी होती, आभाळाकडे तोंड केलेली. ही कल्याझिनची रेडिओ दुर्बीण. थाळीचा व्यास ६४ मीटर, १९९२ साली सुरू झालेली. पल्सार ताऱ्यांची टिकटिक ऐकते आणि अंतराळात लांब गेलेल्या यानांचे संदेश पकडते. आजीच्या खेड्यात मोबाइलला रेंज हवी तर विहिरीपाशी जाऊन टाचा उंच कराव्या लागत. "ते कान आहेत," आजी थाळीकडे हात करून म्हणाली, "पण आमच्यासाठी नाहीत."

जमीन कशी आहे हे मला बटाट्यांनी शिकवलं. ऑगस्टच्या शेवटी तिकडे सगळ्यांना बटाट्याचं वेड लागतं. शहरातली पोरं, जावई, भाडेकरू, जो सापडेल त्याला ओढून नेतात. फावडं रोवलं की वर वीतभर बरी माती, आणि खाली राखाडी, पिठूळ, राखेसारखा थर. त्या मातीचं नावच 'पोद्झोल'. पोद म्हणजे खाली, झोला म्हणजे राख. जंगलाखालची, पावसाने धुऊन निघालेली, कस नसलेली जमीन. शेण घातलं तर देते, नाही घातलं तर नाही. तिथे राय, ओट, बटाटे आणि पूर्वी जवस, म्हणजे लिननचा धागा ज्यापासून निघतो ते पीक. आणि हिवाळा सहा महिने.

अशा जमिनीवर पोट भरत नाही, म्हणून इथल्या शेतकऱ्याने शतकानुशतकं दुसरं काहीतरी केलं. पुरुष काम शोधत मॉस्कोला, पीटर्सबर्गला जायचे. त्याला 'ओत्खोद' म्हणतात, म्हणजे निघून जाणं. बायका घरी लेस विणायच्या. लाकडी काड्यांवर दोरे गुंडाळून, उशीवर टाचण्या टोचून विणलेली कल्याझिनची लेस एकोणिसाव्या शतकात नावाजलेली होती. आणि तिसरा धंदा वालेन्कीचा. वालेन्की म्हणजे मेंढीच्या लोकरीचे, शिवण नसलेले, गुडघ्यापर्यंतचे जाड बूट. लोकर पिंजायची, गरम पाण्यात भिजवून तासन्‌तास मळायची, लाटायची, आणि लाकडी साच्यावर चढवून वाळवायची. नव्या जोडीत डावा-उजवा नसतो. दोन्ही सारखेच, पाय त्यांना आपापली बाजू शिकवतात. आजीचे वडील हेच करायचे. शेतं बर्फाखाली गेली की पाठीवर अवजारं टाकून गावोगाव फिरायचे. लोक आपली लोकर द्यायचे, ते त्यांच्याच चुलीशी बसून बूट करून द्यायचे आणि पुढच्या गावाला निघायचे. मार्चमध्ये परत. "बाप म्हणजे हिवाळ्यात नसणारा माणूस," असं ती सहज म्हणायची, तक्रार नसायची त्यात.

आता मनोऱ्याकडे येते, नाहीतर फोटो पाठवणारी मैत्रीण रागावेल.

जुनं कल्याझिन व्होल्गाच्या दोन्ही काठांवर होतं. डाव्या काठावर मठ. पंधराव्या शतकात मकारी नावाच्या साधूने स्थापलेला. गोष्ट अशी सांगतात की ती जमीन कोल्यागा नावाच्या सरदाराची होती. हा साधू आपली जमीन बळकावेल या भीतीने त्याने त्याला मारायचं ठरवलं, पण घरात आजारपणं, मृत्यू सुरू झाले, तेव्हा तो पश्चात्तापाने मकारीच्या पाया पडला आणि जमीन देऊन टाकली. मकारीने मठाला नाव दिलं ते त्या वैऱ्याचं. कोल्यागावरून कल्याझिन. उजव्या काठावर, झाब्न्या नावाची छोटी नदी व्होल्गाला मिळते तिथे व्यापाऱ्यांची वस्ती. १७७५ साली कॅथरीन दुसरीने या सगळ्याला शहराचा दर्जा दिला आणि मठाचं नाव नदी ओलांडून पलीकडच्या बाजारपेठेला चिकटलं.

या मठाशी आपलंही एक दूरचं नातं आहे, आणि ते मला त्वेरच्या ग्रंथालयात कळलं तेव्हा मी मोठ्याने "अरे!" म्हणाले होते. अफनासी निकितिन हा त्वेरचा व्यापारी पंधराव्या शतकात चौलला उतरला आणि जुन्नरला पावसाळाभर अडकला, हे आपल्याकडे इतिहासात रस असणाऱ्यांना ठाऊक असतं. तो त्वेरहून होडीने व्होल्गातून खाली निघाला तेव्हा पहिल्या मुक्कामांपैकी एक म्हणून त्याने कल्याझिनच्या मठाचं नाव लिहून ठेवलंय. मठाधिपती मकारीचा आशीर्वाद घेतला आणि पुढे उग्लिचला गेलो, असं. म्हणजे ज्याने जुन्नरचा चिखल तुडवला त्याच्या डोक्यावर आधी या मकारीचा हात होता. हे मी आजीला मोठ्या उत्साहाने सांगितलं. तिने विचारलं, "मग परत आला का तो घरी?" नाही आला. स्मोलेन्स्कच्या अलीकडे, वाटेतच गेला. "बघ," आजी म्हणाली आणि काकड्यांच्या बरणीत बडीशेपेची काडी खोचायला लागली.

मठाचा पुढचा इतिहास लढायांचा आहे आणि तो मी थोडक्यात उरकते. १६०९ साली, रशियात सगळी घडी विस्कटली होती तेव्हा, २२ वर्षांच्या स्कोपिन-शुइस्की नावाच्या सेनापतीने इथे तळ ठोकला आणि झाब्न्याच्या काठी पोलिश फौजेला हरवलं. पुढच्याच वर्षी दुसऱ्या टोळीने मठ लुटला. मला जास्त आवडतं ते सतराव्या शतकातलं एक उपरोधिक लिखाण, 'कल्याझिनचा अर्ज'. मठातल्या भिक्षूंनी त्वेरच्या आर्चबिशपकडे केलेली तक्रार, अशा थाटात कोणीतरी ते लिहिलंय. तक्रार काय, तर नवीन प्रमुख आम्हाला रात्री-अपरात्री घंटा बडवून प्रार्थनेला उठवतो आणि सुखाने दारू पिऊ देत नाही. आमच्या रशियनच्या बाईंनी ते वर्गात वाचून दाखवलं होतं. अर्ज लिहिण्याची सरकारी भाषा जशीच्या तशी, आणि विषय बिअरचा. ग्रामपंचायतीला अर्ज लिहिलेल्या कुठल्याही मराठी माणसाला तो विनोद न सांगता कळेल.

उजव्या काठावर बाजाराच्या चौकात संत निकोलाचं मोठं चर्च होतं. त्याच्या शेजारी १८०० साली हा घंटामनोरा पुरा झाला. पाच मजले, साडेचौऱ्याहत्तर मीटर. बारा घंटा. चौकात दुकानं, जत्रा. धक्क्यावर धान्याच्या होड्या. फोटोत जिथे पाणी दिसतं, तिथे हे सगळं होतं.

मग 'मोठी व्होल्गा' ही सरकारी योजना आली. मॉस्कोला वीज हवी होती आणि मोठ्या जहाजांना खोल पाणी. उग्लिचला धरण बांधलं गेलं. बांधणारे बहुतांश व्होल्गोलाग या छावणीतले कैदी. पाणी १९३९ पासून चढवायला सुरुवात झाली आणि १९४० च्या डिसेंबरात पहिलं जनित्र सुरू झालं. जलाशय १४० किलोमीटरहून लांब. कल्याझिनचा जुना, सखल, व्यापारी भाग त्यात गेला. मठ पाडला. चर्चही पाडलं. मनोरा तेवढा ठेवला. का ठेवला याचं उत्तर दर माणसागणिक वेगळं मिळतं. कोणी म्हणतं पाडायला वेळ उरला नाही, कोणी म्हणतं पॅराशूटच्या उड्या शिकवायला. नदी तिथे वळते, त्यामुळे जहाजांना खूण म्हणून तो कामाला आला हे मात्र खरं. नंतर तो कलायला लागला तेव्हा १९८० च्या दशकात त्याच्या पायाभोवती भर घालून छोटंसं बेट केलं. फोटोत नीट पाहिलंत तर दिसेल.

एक दंतकथाही आहे. सगळ्यात मोठी घंटा उतरवता आली नाही, ती तशीच तळात पडली आणि संकटापूर्वी पाण्याखालून वाजते, ४१ च्या युद्धाआधी वाजली होती, वगैरे. आजीला मी विचारलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझी सगळी मेडिकलची वर्षं वाया गेल्यासारखी वाटली. "युद्धाआधी आमच्याकडे खूप काही वाजत होतं," ती म्हणाली. "घंटा नव्हती त्यात."

धरणग्रस्त हा शब्द मी तिला समजावून सांगायचा प्रयत्न केला होता. रशियनमध्ये अशा लोकांना 'पेरेसेलेन्त्सी' म्हणतात, म्हणजे एका जागेवरून दुसऱ्या जागी वसवलेले. 'ग्रस्त' त्यात नाही.

आजी तेव्हा सहा वर्षांची होती. तिचं घर व्होल्गाच्या अगदी काठावरच्या एका खेड्यात होतं. माणसं आली, मोजून गेली, घराच्या भिंतीवर खूण करून गेली. घर म्हणजे इज्बा, फरच्या किंवा पाइनच्या गोल ओंडक्यांचं. चार भिंतींचे चार ओंडके कोपऱ्यात खाच पाडून एकमेकांत अडकवले की एक थर होतो. त्या थराला 'व्येनेत्स' म्हणतात. रशियनमध्ये मुकुटालाही तोच शब्द, लग्नात नवरा-नवरीच्या डोक्यावर धरतात तोसुद्धा व्येनेत्सच. असे मुकुट एकावर एक रचले की घर. मधल्या फटींत शेवाळ ठासायचं. खिळा जवळजवळ लागतच नाही, त्यामुळे घर सुटं करता येतं. ती हे सांगताना हातांनी हवेत ओंडके उचलून बाजूला ठेवायची.

सुटं करण्याआधी वडिलांनी प्रत्येक ओंडक्याच्या टोकाशी कुऱ्हाडीने खाचा मारल्या. सरळ खाच म्हणजे एक, तिरपी म्हणजे पाच. कोणती भिंत, त्याची वेगळी खूण. मग जमीन गोठायची वाट पाहिली, कारण चिखलातून गाडी जात नाही आणि बर्फावरून घसरगाडी जाते. घोडा कोल्खोझचा, म्हणजे सामूहिक शेतीचा, पाळीने मिळायचा. खेड्यातली घरं अशी एकामागून एक आतल्या बाजूला, सेमेन्द्यायेवोच्या दिशेने सरकली. आजीच्या आठवणीत ते स्थलांतर म्हणजे एक चित्र आहे: त्यांची मोठी भट्टीसारखी चूल, तीच जिच्यावर झोपतात, ती नेता येत नाही म्हणून बर्फात तशीच उभी राहिली. भोवती घर नाही. नुसती चूल आणि धुराडं. मांजर दोन दिवस त्या चुलीवर जाऊन बसत होतं.

मी त्या घरात पहिल्यांदा गेले, २०११ च्या ऑगस्टात, तेव्हा दारातच कपाळ आपटलं. रशियन खेड्यातली दारं बुटकी असतात हे माहीत होतं, ऊब राहावी म्हणून. पण हे घर आतूनही बुटकं होतं. छत हाताला लागत होतं. आजी बुटकी, तिचं चालून जायचं. मी वर्षातून दोनदा कपाळमोक्ष करून घ्यायचे आणि ती लोण्याच्या चमच्याची पाठ माझ्या टेंगळावर दाबत म्हणायची, "वाक गं, वाक. हे घर वाकायला लावतं."

संध्याकाळी ओसरीवर बसून मी खाचा वाचायला शिकले. जमिनीपासून पहिला ओंडका कुजून बदललेला, त्याला खूण नव्हती. दुसऱ्याला दोन खाचा, तिसऱ्याला तीन, चौथ्याला चार. मग पाचची तिरपी. मग तिरपी आणि एक सरळ, म्हणजे सहा. आणि त्याच्या वर थेट तिरपी आणि तीन. आठ. चारी कोपऱ्यांना फिरून पाहिलं. सगळीकडे पाच, सहा, आठ. "सातवा कुठे आहे?" मी विचारलं. आजी म्हणाली, "बादली आण, पाणी भरायचंय."

या रायोनात काहीच आपल्या मूळ जागी नाही, हे मला हळूहळू जाणवत गेलं. मठातल्या त्रोइत्स्की कॅथीड्रलच्या भिंतींवर १६५४ सालची चित्रं होती. पाडण्याआधी जाणकारांनी येऊन त्यांचे तुकडे भिंतीवरून सोलून काढले; त्यातले बरेच मॉस्कोच्या वास्तुकला संग्रहालयात गेले. मकारीच्या अस्थी त्वेरला गेल्या. आजी मला तिथल्या 'पांढऱ्या त्रोइत्सा' चर्चमध्ये न्यायची तेव्हा त्यांच्यासमोर मेणबत्ती लावून म्हणायची, "हा आमच्या गावचा." श्चेद्रिन हा मोठा उपरोधकार लेखक जन्मला स्पास-उगोल या गावी, तेव्हा ते कल्याझिन तालुक्यात होतं, आता मॉस्को प्रांतात आहे. गाव तिथेच, हद्द सरकली. खुद्द रायोन १९२९ साली झाला तो मॉस्को प्रांतात, १९३५ साली गेला कालिनिन प्रांतात, आणि १९९० साली कालिनिनचंच त्वेर झालं. नेर्ल नदी व्होल्गाला मिळते तिथे स्क्न्यातिनो नावाचं खेडं आहे. तो ११३४ साली युरी दोल्गोरुकी या राजपुत्राने वसवलेला किल्ला, मॉस्कोच्या पहिल्या उल्लेखापेक्षा १३ वर्षांनी जुना. १२३८ साली मंगोलांनी जाळला, आणि जे उरलं होतं त्यातलं बरंचसं या धरणात बुडालं. आज तिथे गेलात तर लोक मासे धरताना दिसतात.

माणसं तर सरकतच असतात. ओत्खोद संपला असं पुस्तकात लिहितात, पण पहाटेच्या मॉस्कोच्या गाड्या बघा. तरुण पोरं मॉस्कोला सुरक्षारक्षक म्हणून जातात; पंधरा दिवस तिथे, पंधरा दिवस घरी. कल्याझिन गावात विमानांचे भाग करणारा एक मोठा कारखाना आहे, मिग विमानं बनवणाऱ्या कंपनीची शाखा. ज्याला तिथे नोकरी तो सुखी. बाकी दुकानं, शाळा, दवाखाना, रेल्वे. आणि उन्हाळ्यात उलटी लाट: मॉस्कोवाले. जवळजवळ प्रत्येक खेड्यात त्यांनी घरं घेतलीयत. जुलैमध्ये आजीच्या गल्लीत अठरा घरांत दिवे असायचे. मार्चमध्ये मी मोजली तेव्हा धुराडी पेटलेली होती तीन. फिरतं दुकान, 'आव्तोलाव्का', आठवड्यातून दोनदा यायचं. त्याच्या हॉर्नबरोबर तिन्ही घरांतून म्हाताऱ्या निघायच्या. पाव घ्यायला म्हणून, पण खरं तर एकमेकींना बघायला.

शेतांचं काय झालं ते मला डॉक्टर म्हणूनच आठवतं. सोव्हिएत काळात गुरांच्या चाऱ्यासाठी कॉकेशसमधून एक झाड आणून लावलं, बोर्श्चेविक. माणसापेक्षा उंच, पांढऱ्या छत्रीसारखी फुलं. दिसायला शेपूचा राक्षस. कोल्खोझ मोडले, गुरं गेली, कापणारं कोणी उरलं नाही आणि ते रस्त्याकडेने, पडीक शेतांतून सुटलं. त्याचा रस कातडीला लागला आणि त्यावर ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येतात. रसातली द्रव्यं उन्हानेच जागी होतात. शेजारच्या मॉस्कोवाल्यांच्या नातवाने त्याच्या पोकळ दांड्याची फुंकनळी केली होती. ओठ, हनुवटी, दोन्ही हात. गावातली नर्सची खोली आठवड्यातून दोनच दिवस उघडी, म्हणून त्याला घेऊन ते माझ्याकडे आले, चौथ्या वर्षाच्या पोरीकडे. धुतलं, झाकलं, उन्हापासून दूर ठेवा म्हणाले आणि कल्याझिनला पिटाळलं. त्या दिवसापासून मी गावात 'आमची इंडियन डॉक्टर' झाले. एक म्हातारी तर गाईलाही दाखवायला घेऊन आली.

२०१२ च्या मार्चमध्ये आजीने मला मनोरा जवळून दाखवला. हिवाळ्याच्या शेवटी धरणातलं पाणी उतरवतात, वसंतातल्या पुराला जागा व्हावी म्हणून. बर्फ त्याबरोबर खाली बसतो आणि काठाशी तडकतो. आम्ही त्यावरून चालत गेलो. ठिकठिकाणी कोळी नव्हे, हौशी मासेमार, बर्फाला भोक पाडून उलट्या बादलीवर बसलेले. मनोऱ्याच्या पायाशी उभं राहिलं की तो फोटोतल्यासारखा एकाकी वाटत नाही. विटा दिसतात, खरवडलेली नावं दिसतात, कबुतरं असतात. आजीने मागे, गोठलेल्या पाण्याकडे तोंड केलं आणि हाताने दाखवायला लागली: इथे चौक, इथे दुकानं, तिकडे लोकरीचा बाजार, बाप मला खांद्यावर घेऊन इथून यायचा. मनोऱ्याकडे तिची पाठ होती. मी फोटो काढला तो तसाच आहे. मनोरा अर्धा कापलेला आणि आजीची बोटं.

त्याच उन्हाळ्यात मकारीच्या अस्थी त्वेरहून कल्याझिनला परत नेल्या. आजी मिरवणुकीला गेली, रात्री थकून आली, चहा पिताना म्हणाली, "म्हातारा घरी गेला." मग म्हणाली, "घर कुठलं. मठ पाण्याखाली. पलीकडच्या काठाला ठेवलाय, ओळखीच्यांकडे ठेवतात तसा."

२०१४ मध्ये माझा कोर्स संपला. जाण्याआधी दोन दिवस खेड्यात राहिले. मे महिना, बटाटे लावायचे दिवस. संध्याकाळी ओसरीवर बसलो होतो आणि मी उगाच, सवयीने, कोपऱ्यातल्या खाचांवरून बोट फिरवत होते. पाच, सहा, आठ. आजी स्वतःहून बोलायला लागली.

घर नव्या जागी उभं केलं तेव्हा सातव्या थरातला एक ओंडका वाटेत तडकला होता. एक बदलायचा तर चारही काढून ठेवावे लागतात. वडील म्हणाले, घाईने भिंती चढवू, छत टाकू, हिवाळा अंगावर आहे. सातवा मुकुट बाजूला ठेवू. चांगला ओंडका मिळाला की छत उचलून घालू. दोन माणसं आणि एक दिवसाचं काम आहे. उरलेले तीन ओंडके त्यांनी गोठ्यामागे नीट रचून, वर साल घालून ठेवले. नवा ओंडका १९४१ च्या वसंतात मिळाला. तो सोलून वाळत टाकला. जूनमध्ये युद्ध सुरू झालं, जुलैमध्ये ते गेले.

"मग?"

"मग हिवाळा आला. तो हिवाळा तू पुस्तकात वाचला असशील." तिने गोठ्याच्या बाजूला पाहिलं, गोठा आता नाही, तिथे रासबेरीची झुडपं आहेत. "आईने नवीन ओंडका शेवटी जाळला. त्याला खूण नव्हती, पण तो त्याने स्वतः सोललेला होता. खाचावाले आधी गेले."

मी उठून आत चहा ठेवायला गेले आणि दारात पुन्हा कपाळ आपटलं. बाहेरून आजी म्हणाली, "एका ओंडक्याएवढं वाकायचं असतं गं. किती वेळा सांगू."